ग्नू गो ३.८ : प्रोग्रॅम लहान, उंबरठे अनेक

गो या, काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पटावर मुलूख वेढण्याच्या खेळाचा सराव करण्यासाठी संगणकावर काय बसवावे, असे कोणी विचारले की मी अजूनही ‘ग्नू गो’ हेच नाव घेतो, आणि ते घेताना मला थोडे अपराधीही वाटते. एका संगणकावर हा प्रोग्रॅम बसवणे अर्ध्या मिनिटाचे काम असते, तर दुसऱ्यावर त्यात अख्खी संध्याकाळ जाते. आणि विचारणाऱ्याच्या वाट्याला यांपैकी काय येणार, हे त्याच्या गुणवत्तेवर नव्हे, तर त्याच्या संगणकात कोणती कार्यप्रणाली आहे यावर ठरते. म्हणून या वेळी मी तो लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या तिन्हींवर कोऱ्या पाटीपासून बसवून पाहिला, प्रत्येक ठिकाणी नऊ बाय नऊच्या पटावर डाव खेळलो आणि वाटेत जिथे अडखळलो त्या जागांची नोंद ठेवली. हे परीक्षण त्या नोंदींवरून लिहिले आहे.

प्रथम प्रोग्रॅमविषयी. ग्नू गोची पहिली आवृत्ती १९८९ साली आली आणि आज सर्वत्र मिळते ती ३.८ ही आवृत्ती फेब्रुवारी २००९ मधली आहे. त्यानंतर नवी अधिकृत आवृत्ती निघालेली नाही. तो सी भाषेत लिहिलेला आहे, जीपीएल परवान्याखाली मुक्त आहे, जागा मोजक्या एमबींची घेतो, आणि खेळण्यासाठी त्याला इंटरनेट, खाते, नोंदणी किंवा ग्राफिक्स कार्ड यांपैकी काहीही लागत नाही. इतका साधा प्रोग्रॅम बसवताना अडचण येण्याचे कारण त्याच्या पोटात शोधून सापडत नाही. प्रोग्रॅम २००९ साली जिथे थांबला तिथेच उभा आहे. त्याच्या भोवतालच्या कार्यप्रणालींनी मात्र मधल्या काळात दारे हलवली, कड्या-कुलपे बदलली आणि उंबरठ्यावर रखवालदार बसवले. बसवताना जो काही त्रास होतो तो जवळजवळ सगळा या फेरबदलांचा आहे.

दुसरी गोष्ट नवख्या माणसाला आधीच सांगायला हवी, कारण ती कोणी सांगत नाही आणि निम्मा गोंधळ तिच्यातूनच होतो. ग्नू गो हे इंजिन आहे; त्याला स्वतःची चित्रमय खिडकी नाही. तो टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकण्याच्या खिडकीत, अक्षरांचा पट काढून तुमच्याशी खेळू शकतो, किंवा पडद्याआड राहून दुसऱ्या एखाद्या खिडकीवाल्या प्रोग्रॅमला चाली पुरवू शकतो. लाकडी पट, गुळगुळीत खडे आणि माऊसची टिचकी ही तुमची अपेक्षा असेल, तर तुम्हाला दोन गोष्टी बसवाव्या लागतात आणि नंतर त्यांची ओळख करून द्यावी लागते. बसवणे सोपे आहे. ओळख करून देणे ही खरी परीक्षा.

पुढे येणाऱ्या कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत; टंकताना त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या.

लिनक्सपासून सुरुवात करतो, कारण तिथे सांगण्यासारखे सर्वांत कमी आहे. डेबियन, उबंटू किंवा त्यांच्या कुळातील कोणत्याही वितरणावर टर्मिनल उघडून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्नूगो’ असे लिहायचे, पासवर्ड द्यायचा आणि संपले. फेडोरावर हेच काम ‘डीएनएफ’ करते आणि आर्चवर ‘पॅकमॅन’. रास्पबेरी पायची कार्यप्रणाली आणि क्रोमबुकमधील लिनक्सचा कप्पा हे दोन्ही मूळचे डेबियनच, त्यामुळे तिथेही तीच एक ओळ चालते. एकच बारकावा ध्यानात ठेवावा : डेबियनच्या घरात खेळांची सोय वेगळी आहे, म्हणजे हा प्रोग्रॅम नेहमीच्या ‘यूएसआर’मधील ‘बिन’ फोल्डरात न जाता ‘यूएसआर’मधील ‘गेम्स’ फोल्डरात जातो. साध्या वापरकर्त्याला हे कधी कळतही नाही, परंतु पुढे खिडकीवाल्या प्रोग्रॅमला पत्ता द्यायची वेळ आली की हाच बारकावा नडतो.

आता ‘ग्नूगो’ लिहून, एक जागा सोडून, दोन आडव्या रेघांनंतर ‘बोर्डसाइझ ९’ असे द्यावे. पडद्यावर क्षणात पट उमटतो. रिकाम्या छेदबिंदूंच्या जागी टिंबे, खुणेच्या पाच जागी अधिकची चिन्हे, काळ्या खड्यासाठी फुली आणि पांढऱ्यासाठी गोल ओ. वर-खाली ए पासून जे पर्यंतची अक्षरे असतात, पण ती मोजून पाहिली तर मधले आय गायब दिसते. ही छपाईची चूक नसून गो लिहिण्याचा रूढ संकेत आहे. पटाच्या बाजूला दोन्हीकडच्या उचललेल्या खड्यांची मोजणी, आणि तळाशी काळ्याची पाळी असल्याचे सांगणारी सूचना. तिथे ‘ई५’ लिहून एंटर दाबले की मधोमध फुली उमटते, लगेच खाली पांढऱ्याचे उत्तर येते आणि ताज्या खेळीभोवती दोन कंस दिसतात. चाल परत घ्यायची तर ‘बॅक’, पाळी सोडायची तर ‘पास’, डाव जपून ठेवायचा तर ‘सेव्ह’ आणि पुढे फाइलीचे नाव.

हा अक्षरांचा पट पाहून अनेक जण नाक मुरडतात, आणि पहिल्या दिवशी मीही मुरडले होते. पण नऊ बाय नऊच्या पटावर तो खरोखर पुरतो, एवढेच नव्हे, तर त्याचा एक अनपेक्षित फायदाही आहे. माऊसने टिचकी मारताना हात डोळ्यांच्या पुढे धावतो. इथे ‘जी४’ असे टंकायचे असल्याने मनातल्या मनात जागेचे नाव घ्यावे लागते, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात, ‘अरे, इथे खेळलो तर शेजारचा गट आटारीत (पुढच्याच खेळीत उचलला जाण्याच्या बेतात) जाईल’, हे लक्षात येते. आठवडाभरात जागांची नावे इतकी तोंडात बसली, की लिहिलेले डाव पटाविना वाचता येऊ लागले. एकोणीस बाय एकोणीसच्या पटाला मात्र हे जमणार नाही. तिथे अक्षरांच्या त्या शेतात डोळे फिरतात.

मॅकओएसवर रस्ता होमब्रू या पॅकेज-व्यवस्थेतून जातो. ती आधीपासून असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल ग्नू-गो’ ही एक ओळ पुरे. पॅकेजच्या नावात मधली रेघ आहे आणि प्रोग्रॅम चालवताना लिहायच्या नावात ती नाही, हे तेवढे विसरू नये. होमब्रू नसेल तर आधी ती बसवावी लागते, आणि तिच्यासाठी ॲपलची कमांड लाइन साधने उतरवावी लागतात. मोजक्या एमबींच्या पाहुण्यासाठी कैक पटींनी मोठा मांडव घालण्याचा हा प्रकार आहे. पण तो मांडव पुढे दहा कामांना येतो, म्हणून त्याबद्दल फारशी कुरकुर करत नाही.

टर्मिनलमध्ये खेळण्यापुरते मॅकवर इतकेच. मी अडकलो तो पुढच्या टप्प्यावर. खिडकीसाठी मी साबाकी हा प्रोग्रॅम निवडला. तो मुक्त आहे, देखणा आहे आणि तिन्ही कार्यप्रणालींवर सारखाच दिसतो. त्याच्या इंजिनांच्या यादीत नवी नोंद केली, पत्त्याच्या जागी नुसते ‘ग्नूगो’ लिहिले आणि इंजिन जोडायला गेलो तर ते सुरूच होईना. टर्मिनलमध्ये तोच शब्द लिहिला की प्रोग्रॅम हजर, साबाकीमध्ये लिहिला की बेपत्ता. मी इंजिन काढून पुन्हा बसवले, मग साबाकी काढून पुन्हा बसवला, मग संगणक बंद करून सुरू केला, आणि या कवायतीत पाऊण तास घालवल्यावर माझे मलाच उमगले की दोष बसवण्यात नव्हता, माझ्या गृहीतकात होता.

कारण असे. टर्मिनल उघडले की शेल (टंकलेल्या कमांड पाळणारा प्रोग्रॅम) स्वतःच्या सेटिंगची फाइल वाचते, आणि कोणकोणत्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधायचे त्याची यादी तिला तिथून मिळते; होमब्रूने आपला पत्ता त्याच यादीत लिहवून घेतलेला असतो. फाइंडरमधून किंवा डॉकमधून टिचकीने उघडलेला प्रोग्रॅम मात्र शेलच्या वाटेने येतच नाही, त्यामुळे ती यादी त्याच्या हाती पडत नाही. उपाय सोपा आहे : टर्मिनलमध्ये ‘व्हिच ग्नूगो’ विचारायचे आणि जो पूर्ण पत्ता येईल तो जसाच्या तसा खिडकीवाल्या प्रोग्रॅमला द्यायचा. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये होमब्रूचा संसार ‘ऑप्ट’ फोल्डरातील ‘होमब्रू’मध्ये असतो, तर जुन्या इंटेल मॅकमध्ये तो ‘यूएसआर’मधील ‘लोकल’मध्ये असतो, म्हणून एका मॅकसाठी लिहिलेला पत्ता दुसऱ्या मॅकवर डोळे मिटून उतरवू नये.

मॅकवर दुसरा अडथळा रखवालदाराचा. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलीवर मॅकओएस एक अदृश्य चिठ्ठी डकवते, आणि त्या प्रोग्रॅमची ॲपलकडे तपासणी झालेली नसेल तर तो उघडू देत नाही. पूर्वी कंट्रोल दाबून टिचकी मारली आणि ‘ओपन’ निवडले की काम होत असे. २०२४ साली आलेल्या मॅकओएस १५ पासून ती पळवाट बंद झाली. आता आधी एकदा उघडण्याचा प्रयत्न करायचा, नकार ऐकायचा, मग सिस्टीम सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षेच्या पानावर खाली जाऊन ‘तरीही उघडा’ हे बटण दाबायचे. गंमत म्हणजे होमब्रूने आणलेल्या इंजिनाला हा त्रास नाही, कारण ते ब्राउझरच्या हातून आलेले नसते आणि त्याच्यावर ती चिठ्ठीच नसते. एकाच जोडीतला एक पाहुणा मागच्या दाराने सुखरूप आत, आणि दुसरा पुढच्या दारात ताटकळत.

विंडोजवर मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि त्यातला बराचसा माझ्याच घाईमुळे लागला. ग्नू गोचे प्रकाशन म्हणजे मूळ स्रोताचे गाठोडे; विंडोजसाठी तयार एक्झी फाइली इतरांनी बांधून ठेवलेल्या असतात आणि त्या झिप फाइलीत येतात. प्रथम मी एका डाउनलोडच्या संकेतस्थळावर गेलो, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तिथे मोठे हिरवे बटण होते आणि त्यातून जो इन्स्टॉलर उतरला तो गोबद्दल एक शब्दही न बोलता दुसऱ्याच दोन प्रोग्रॅमांसाठी माझी संमती मागू लागला. तो तिथेच पुसून टाकला. ज्या पानावर इंजिनापेक्षा बटणे मोठी असतात तिथून काही उतरवू नये, हा जुनाच धडा मी पुन्हा गिरवला.

दुसऱ्या ठिकाणाहून नीट झिप मिळाली. ती दोनदा टिचकी मारून उघडली, आत एक्झी दिसली, तिच्यावर टिचकी मारली, तर एक डीएलएल, म्हणजे एक्झीला लागणारी सहायक फाइल, सापडत नसल्याची तक्रार आली. ती डीएलएल मला त्याच यादीत, एक्झीच्या अगदी शेजारी, डोळ्यांसमोर दिसत होती. झाले असे होते की विंडोजचा एक्सप्लोरर झिप फाइल फोल्डरासारखी उघडून दाखवतो, पण ती खरी फोल्डर नसते. आतल्या एक्झीवर टिचकी मारली की तो तेवढी एकच फाइल एका तात्पुरत्या जागी काढून चालवतो, आणि तिची भावंडे झिपमध्येच कोंडलेली राहतात. म्हणून आधी झिपवर उजवी टिचकी, मग ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, आणि मगच पुढचे काम. हे वाचताना क्षुल्लक वाटेल, पण विंडोजवर लहान प्रोग्रॅम बसवताना होणाऱ्या फजितीचा मोठा वाटा याच एका पायरीवर होत असावा, असा माझा तर्क आहे.

फाइली बाहेर काढल्यावर स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या रखवालदाराचा निळा फलक आला. ज्या फाइलीवर ओळखीच्या प्रकाशकाची सही नाही आणि जी फारशी कोणी उतरवलेली नाही, तिच्याबाबतीत तो येतोच. ‘मोअर इन्फो’ दाबल्याखेरीज ‘रन एनीवे’ हे बटण दिसत नाही, त्यामुळे पुष्कळ जणांना तो फलक म्हणजे अंतिम नकार वाटतो. फाइल कुठून आणली याची खात्री असेल तरच पुढे जावे. खात्री नसेल तर तो फलक तुमच्या हिताचेच सांगतो आहे. शेवटची काळजी म्हणजे प्रोग्रॅम अशा फोल्डरात ठेवावा ज्याच्या नावात मोकळी जागा नाही. नावात जागा असली तरी अवतरणचिन्हांनी निभावते, परंतु दोन प्रोग्रॅमांमधील निरोपानिरोपीत ती चिन्हे कुठे गळतील याचा नेम नसतो. मी सी ड्राइव्हमध्येच ‘गो’ नावाचे फोल्डर केले आणि तो प्रश्नच मिटवला.

विंडोजवर आणखी एक वाट आहे आणि आता विचाराल तर मी तिचीच शिफारस करीन. विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची जी सोय आहे, डब्ल्यूएसएल, ती ‘डब्ल्यूएसएल’ आणि दोन रेघांसह ‘इन्स्टॉल’ या कमांडने बसते आणि काही वेगळे सांगितले नाही तर उबंटू आणते. तिच्यात ॲप्टची तीच एक ओळ चालते, इंजिन विश्वासू भांडारातून येते, आणि झिप, डीएलएल, निळा फलक यांपैकी एकाही गोष्टीशी गाठ पडत नाही. एवढेच नव्हे, तर विंडोजमधल्या साबाकीला इंजिन म्हणून ‘डब्ल्यूएसएल’ची एक्झी दाखवायची आणि पुढच्या रकान्यात लिनक्समधील ‘यूएसआर’, ‘गेम्स’, ‘ग्नूगो’ हा पूर्ण पत्ता आणि जीटीपीचा पर्याय लिहायचा. मग खिडकी विंडोजची आणि मेंदू लिनक्सचा, अशी जोडी सुरळीत चालते. ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांना ही वाट आडवळणाची वाटेल. पण आडवळण एकदाच घ्यावे लागते.

जीटीपी हा शब्द वर आला तो दोन प्रोग्रॅमांच्या ओळखीचा कळीचा शब्द. गो टेक्स्ट प्रोटोकॉल ही इंजिन आणि खिडकी यांच्यातील बोलीभाषा, आणि ती इतकी साधी आहे की माणसालाही बोलता येते. ‘ग्नूगो’पुढे दोन रेघांसह ‘मोड जीटीपी’ लिहून पाहा. काहीच होत नाही. पट येत नाही, सूचना येत नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहतो. इथे बहुतेक जण प्रोग्रॅम अडकला असे समजून तो बंद करतात. प्रत्यक्षात तो हाक येण्याची वाट पाहत असतो. ‘नेम’ लिहून एंटर दाबले की तो बरोबरचे चिन्ह लावून आपले नाव सांगतो, ‘व्हर्शन’ विचारले की ३.८ म्हणतो, ‘जेनमूव्ह ब्लॅक’ म्हटले की काळ्याची एक चाल सुचवतो, आणि काही कळले नाही तर उत्तराआधी प्रश्नचिन्ह लावतो. खिडकीवाल्या प्रोग्रॅममध्ये इंजिन जोडण्याआधी ही चाचणी टर्मिनलमध्ये करून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. इथे उत्तर आले आणि खिडकीत आले नाही, तर चूक पत्त्यात किंवा पर्यायाच्या रकान्यात आहे. इथेच उत्तर आले नाही, तर इंजिनच नीट बसलेले नाही. शोधाशोध निम्मी होते. ‘क्विट’ म्हटले की तो निमूट जातो.

खिडक्यांमध्ये साबाकीखेरीज गोगुई हाही जुना आणि भरवशाचा प्रोग्रॅम आहे. तो जावावर चालतो, म्हणजे त्याच्यासाठी आधी जावा हवे. दिसायला साधा, पण इंजिनाशी चाललेले संभाषण ओळीने दाखवणारी त्याची खिडकी बिघाड शोधताना फार उपयोगी पडते. साबाकी अधिक सुबक, मात्र तो इलेक्ट्रॉनवर बांधलेला असल्याने त्याच्या पोटात जवळजवळ एक अख्खा ब्राउझर असतो आणि तो शंभर एमबीच्या पुढे जागा व्यापतो. विचार करणारा काही एमबींचा आणि पट दाखवणारा त्याच्या कैक पट, हा व्यस्त हिशेब आजच्या संगणकाला जड नाही, पण जुन्या यंत्रावर जाणवतो. लिनक्सवर साबाकी ॲपइमेजच्या, म्हणजे एकाच फाइलीत बांधलेल्या प्रोग्रॅमच्या, रूपात मिळतो. त्या फाइलीला आधी चालवण्याची परवानगी द्यावी लागते, उबंटूच्या २२.०४ पासूनच्या आवृत्त्यांत फ्यूज २ ही लायब्ररी वेगळी बसवावी लागते, आणि २४.०४ मध्ये सँडबॉक्सविषयीच्या (प्रोग्रॅमला कुंपणात ठेवण्याच्या सोयीविषयीच्या) नव्या निर्बंधांमुळे इलेक्ट्रॉनवरच्या ॲपइमेज सुरू होतानाच अडू शकतात. खिडकीचा प्रोग्रॅम फ्लॅटपॅक या पॅकेज-व्यवस्थेतून घेतला तर तो आपल्या कुंपणाबाहेरचे इंजिन सहसा पाहूच शकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. म्हणजे जिथे इंजिन सर्वांत सहज बसते त्या लिनक्सवर खिडकी सर्वांत रुसते. मी तिथे खिडकीचा नाद सोडला आणि अक्षरांच्या पटावरच राहिलो.

मूळ स्रोतापासून बांधण्याची हौस असणाऱ्यांसाठी थोडक्यात. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल हा पारंपरिक क्रम अजूनही लागू आहे, पण जीसीसी या कंपायलरची दहावी किंवा पुढची आवृत्ती असेल तर शेवटच्या जोडणीच्या टप्प्यावर एकाच गोष्टीच्या अनेक व्याख्या असल्याची भलीमोठी तक्रार येते. २०२० मध्ये आलेल्या त्या आवृत्तीने सामाईक चलांविषयीचा पूर्वापार सैलपणा काढून टाकला आणि जुना स्रोत तर त्याच सैलपणावर विसंबून होता. कंपायलरला ‘एफकॉमन’ हा पर्याय दिला की तो जुन्या रीतीने वागतो आणि बांधणी पुरी होते. तयार पॅकेज मिळत असताना या फंदात पडण्याची गरज नाही.

इतके करून हाती काय लागते? माझ्या मते, नवशिक्या ते मध्यम खेळाडूसाठी एक समजूतदार सवंगडी. नऊ बाय नऊच्या पटावर तो आजच्या संगणकावर जवळजवळ तत्काळ उत्तर देतो. शिडीची चाल (पळणाऱ्या गटाला प्रत्येक खेळीत आटारीत ठेवणारा पाठलाग) तो अचूक वाचतो, सुटा गट सहसा सोडत नाही आणि तुमचा निष्काळजी खडा उचलायला मागेपुढे पाहत नाही. पण तो संपूर्ण पटाचा पुढचा विचार करत नाही. ठरावीक आकृत्यांचा साठा आणि त्या-त्या जागेचे बारीक वाचन यांवर त्याची चाल ठरते, त्यामुळे दोन कोपऱ्यांतील भांडणे एकमेकांत गुंतली की तो गडबडतो. ही त्याची उणीव शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडते. तो चुकतो तो माणसाला उमगेल अशा जागी चुकतो, आणि ती चूक पकडून जिंकलेला डाव काही शिकवून जातो. नेहमीची पातळी दहा आहे. ‘लेव्हल’च्या पर्यायाने ती उतरवता येते, पण मला त्यात राम वाटला नाही, कारण उतरवलेल्या पातळीवर तो सोपा होण्यापेक्षा धांदरट होतो. त्यापेक्षा हँडिकॅपचे, म्हणजे सुरुवातीलाच पटावर आगाऊ मिळणारे, दोन खडे घेऊन पूर्ण पातळीवर खेळणे चांगले. ज्यांना तो पुरत नाही त्यांच्यासाठी ‘मोंटे-कार्लो’ हा पर्याय आहे. तो फक्त नऊ बाय नऊपर्यंतच्या पटावर चालतो आणि दहाव्या पातळीवर प्रत्येक चालीआधी ८०,००० डाव मनातल्या मनात खेळून पाहतो. उत्तराला वेळ लागतो, पण प्रतिस्पर्धी एकदम निराळा होतो.

काटागो असताना हे जुने खोड कशाला, असा प्रश्न येतोच. काटागो हे आजचे अत्यंत बलवान मुक्त इंजिन आहे आणि डावाचे परीक्षण करण्यासाठी मी तेच वापरतो. परंतु बसवण्याच्या बाजूने पाहिले तर ते दुसऱ्याच जातीचे काम आहे : ओपनसीएल, कूडा, टेन्सरआरटी आणि निव्वळ प्रोसेसरवर चालणारी एगन अशा निरनिराळ्या बांधण्यांतून आपली निवडायची, न्यूरल जाळ्याची वजने असलेली फाइल वेगळी उतरवायची, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर जुळवायचे. आणि खेळायला बसलात तर ते तुम्हाला अशा शांतपणे हरवते की कुठे हरलो हेही कळत नाही. २०२४ मध्ये त्याच्यासाठी माणसांच्या निरनिराळ्या दर्जांप्रमाणे खेळणारे एक जाळे निघाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र ते नीट लावण्यासाठी सेटिंगची फाइल उघडून बसावे लागते. पहिल्या महिन्यात कोणी ते करावे असे मला वाटत नाही.

ग्नू गोमधली मला सर्वांत आवडलेली सोय मात्र त्याच्या मदतीच्या पानावर एका ओळीत दडलेली आहे. ‘सीड’ या पर्यायाला शून्य दिले तर तो दर वेळी निराळा डाव खेळतो. ठरावीक आकडा दिला तर त्याच खेळींना तो पुन्हा तेच उत्तर देतो. मी ४२ हा आकडा ठरवला आणि हरलेला एक डाव पहिल्या चालीपासून पुन्हा मांडला. अकराव्या खेळीपर्यंत सारे जसेच्या तसे आले. तिथे मी ‘एफ३’ऐवजी ‘एफ४’ खेळलो, त्याचे उत्तर बदलले, आणि तरीही हरलो. मग पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या फेरीत कळले की चूक अकराव्या खेळीत नव्हतीच. ती सातव्यात होती, जिथे मी खालच्या कडेचा मुलूख सांभाळण्याच्या नादात मधला गट एका डोळ्यावर (डोळा म्हणजे गटाने वेढलेली रिकामी जागा; जगायला दोन लागतात) सोडला होता. सहाव्या फेरीत तो गट आधी जगवला आणि साडेतीन गुणांनी डाव मारला. ती फाइल तिन्ही संगणकांवर ठेवली आहे.